उभे सात, दोन अक्षरी

आमच्या हिवरशेतमध्ये पेपरातलं शब्दकोडं सुटून ते मला समजल्याशिवाय दिवस मावळत नाही.

कोडं सोडवायचं काम भास्करअप्पा मुळ्यांचं. ते हायस्कुलातून रिटायर झाले आहेत. सकाळच्या गाडीने पेपर येतो, अप्पा दुपारपर्यंत कोडं भरतात, आणि उन्हं कलली की ग्रामपंचायतीच्या शेजारच्या खोलीत, म्हणजे दिवस कार्यालयात, फळ्यावर ते काढून एकेक शब्द मला समजावून सांगतात. मी खुर्चीवर बसते. शब्द कळला की ‘कळलं’ म्हणते. सगळे झाले की पेपरवर उजवा हात ठेवून ‘सगळं कळलं’ म्हणायचं. मग कार्यालयाचे कारकून गजघाटे साहेब बाहेर जाऊन घंटा देतात आणि सूर्य खाली जातो.

नुसतं भरून चालत नाही. समजून घेणारं माणूस लागतं, आणि ते सातवीच्या पुढे शिकलेलं चालत नाही. जास्त शिकलेलं माणूस न कळताच मान हलवतं, असा कार्यालयाचा अनुभव आहे.

माझ्या आधी हे काम शेवंताकाकूंकडे होतं. त्यांच्या लेकीची हळद होती त्या दिवशी कोड्यात ‘बिजागरी’ हा शब्द आला. अप्पांनी पुष्कळ समजावलं. काकूंचं लक्ष घरी, पाहुणे दारात, आणि तिथे दिवस काही ढळेना. शेवटी त्या न कळताच ‘कळलं’ म्हणाल्या. दिवस मावळला, हळद झाली, लग्न झालं. पण दुसऱ्या दिवसापासून हिवरशेतमध्ये एकही बिजागरी फिरत नाही. नवी आणली तरी आमच्या हद्दीत आली की घट्ट होते. आम्ही दारं उचलून भिंतीला टेकवून ठेवतो. लावायचं असेल तर दोघांनी उचलून चौकटीत बसवायचं. एकट्या बाईला ते जमत नाही, म्हणून बहुतेक घरं उघडीच असतात.

मी कामाला लागले तेव्हा गजघाटे साहेब मला म्हणाले होते, “ताई, खोटं ‘कळलं’ आम्हाला ओळखता येत नाही. ते त्या वस्तूला ओळखता येतं. तेवढं सांभाळा.”

मी सांभाळत होते. मग तो गुरुवार आला.

त्या दिवशी सकाळपासून रेवूचं अंग गरम होतं. रेवू माझी मुलगी, नुकती चालायला लागलेली. मालक चाकणला कंपनीत, घरात मी आणि सासूबाई. उपकेंद्रातल्या मालती सिस्टरनी बाटलीतलं औषध दिलं आणि दिवसातून तीनदा द्यायला सांगितलं. “उद्या शुक्रवार, डॉक्टर येतील तेव्हा दाखवून घ्या,” म्हणाल्या. तीन डोस संध्याकाळच्या आत संपले. ताप थोडा उतरला आणि परत चढला. मी रेवूला सासूबाईंच्या मांडीवर देऊन कार्यालयात गेले. वाटलं, लवकर उरकेल, कोडं लहानच होतं.

‘पहारा’ झाला. ‘कणीक’ झाली. ‘तराफा’ अप्पांनी फळ्यावर चित्र काढून दाखवला. मग उभे सात आलं. दोन अक्षरी. पेपरात लिहिलं होतं, ‘हात नसून परत आणते.’

“हाक,” अप्पा म्हणाले. “पहाऱ्यातला ‘हा’ आणि कणकेतला ‘क’. शब्द पक्का आहे. आता बघा, एखादा माणूस निघून चाललाय. आपण त्याला धरायला जात नाही. जागेवरूनच हाक मारतो. तो मागे येतो. म्हणजे हाकेला हात नाही, तरी तिने परत आणलं. कळलं?”

मला शब्द सगळे ऐकू आले. पण ते आत जाऊन बसेनात. मी घरून निघताना रेवूच्या छातीतून बारीक आवाज येत होता, तोच कानात होता.

“परत सांगा अप्पा.”

अप्पांनी शेळीचं उदाहरण घेतलं. शेळी लांब चरायला गेली आहे, मालकाने हाक मारली, शेळी आली. खिडकीपाशी चार माणसं उभी असतात रोज, त्यांनाही कळलं. त्यांचं कळून उपयोग नाही.

“नाही कळलं,” मी म्हटलं.

“बरं, शेळी सोडा. तुमच्या घरातलंच घेऊ. समजा, तुमची मुलगी अंगणातून रस्त्याकडे चालली आहे. तिकडून ट्रॅक्टर येतोय. तुम्ही ओट्यावर आहात. तुम्ही काय कराल?”

“धावत जाईन.”

“धावू नका. तिथूनच काय कराल?”

“अप्पा, ट्रॅक्टर येतोय म्हणता आणि धावू नको म्हणता?”

“समजा तुमचे पाय बांधलेत.”

“कोणी बांधले?”

अप्पांनी खडू खाली ठेवला. खिडकीतला एकजण हसला. मला हसू येत नव्हतं. मला खरंच रस्ता दिसत होता, ट्रॅक्टर दिसत होता, रेवूचं पिवळं झबलं दिसत होतं, आणि त्यात हाक कुठेच दिसत नव्हती. मी धावत होते, एवढंच दिसत होतं.

बाहेर सूर्य पाण्याच्या टाकीवर टेकून थांबला होता.

गजघाटे साहेबांनी सुट्टी दिली, घरी जाऊन या म्हणाले. आल्यावर पुन्हा समजावणी. मग पुन्हा सुट्टी. असं किती वेळा झालं ते सांगता येणार नाही, कारण सूर्य टाकीवरून हललाच नाही. गावाने संध्याकाळचं जेवण केलं. पुन्हा भूक लागली, पुन्हा केलं. कोंबड्या खुराड्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, आत जाईनात. म्हशींनी एकदा दूध दिलं होतं, दुसऱ्यांदा द्यायला तयार होईनात. माणसं डोळ्यांवर पंचा टाकून उजेडात झोपली आणि उठली तरी गुरुवारच.

रेवूचं अंग मात्र तव्यासारखं झालं होतं.

मी बाटली घेऊन उपकेंद्रात गेले. मालती सिस्टर पायरीवर बसल्या होत्या. त्यांचेही डोळे लाल झाले होते.

“सिस्टर, औषध देऊ का अजून?”

“किती झाले?”

“तीन.”

“मग आजचे संपले की. दिवसातून तीनदाच आहे ते. चौथा उद्या.”

“उद्या होईना ना सिस्टर.”

“ते मला का सांगता वैजयंता? ते तुमच्याच हातात आहे,” त्या म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “ओल्या फडक्याने पुसत राहा. आणि जा, नीट लक्ष देऊन ऐका.”

मी तालुक्याच्या दवाखान्यात फोन लावला. आमच्या हद्दीबाहेर दिवस आपले चालू असतात. तिथल्या बाईंनी गाव विचारलं, बाळाचं वय विचारलं, मग रजिस्टर चाळल्याचा आवाज आला.

“ताई, तुमचा गुरुवार अजून बंद झालेला दिसत नाही.”

“नाही झाला. पण ताप फार आहे हो.”

“आणा ना, पण नाव कुठल्या तारखेत लिहू? इथे शनिवार आहे. गुरुवारचे पेशंट आम्ही गुरुवारी बघितले. आधी तिकडचा बंद करून घ्या.”

मालकांना फोन लावला तर ते ओरडलेच. “अगं, इकडे शनिवार संपत आला! तुम्ही करताय काय तिथे?”

“मला एक शब्द कळेना.”

“कुठला?”

“हाक.”

“हाक? अगं, हाक म्हणजे हाक! वैजू, तुला हाक कळेना?”

“हाक कळते हो. ती परत कशी आणते, ते कळेना. मी धावतेच.”

पाठीमागे मशीनचा आवाज येत होता. ते म्हणाले, “रेवूला फोन दे.” मी तिच्या कानाला फोन लावला. त्यांनी “रेवू, ए रेवू” म्हटलं. तिने डोळे उघडले आणि फोनकडे मान वळवली. मी ते पाहिलं. कार्यालयात सांगायला हवं होतं खरं तर, की असं झालं. पण तिचे ओठ सुकलेले दिसले आणि मी पाण्याला उठले.

बदली मागायची म्हणून गजघाटे साहेबांकडे गेले. दुसरं कोणी बसवा, म्हटलं, माझं डोकं जागेवर नाही. साहेब वाईट नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं.

“बदली करता येते,” ते म्हणाले. “उद्यापासून.”

“आजच का नाही?”

“आजची समजणारी तुम्ही आहात. आजचा दिवस तुमच्या नावावर उघडलाय. त्याला मी काय करू, सांगा बरं?”

बाहेर आता खिडकीपाशी चार नाही, अर्धं गाव होतं. कोणी शिव्या देत नव्हतं, तेच जास्त भीतीचं वाटत होतं. एक म्हातारा नुसता म्हणाला, “पोरी, ऐक की जरा नीट.” त्याच्या मागची बाई म्हणाली, “तिचं लेकरू आजारी आहे, तिला काय ऐकू येणार?” दुसरी म्हणाली, “मग लेकरासाठी तरी ऐकावं.” दोघींचंही खरं होतं. जितकं मी ऐकायचा प्रयत्न करत होते तितकं रेवूचं श्वास घेणंच ऐकू येत होतं, आणि जितका दिवस थांबत होता तितका तो श्वास लहान होत होता.

घरी आले तर शेवंताकाकू सासूबाईंजवळ बसल्या होत्या. आमच्याकडे त्या येत नाहीत सहसा. गावात कोणी बोलत नाही असं नाही, पण दार उचलताना प्रत्येकाला त्या आठवतातच. त्यांनी रेवूच्या कपाळावर पालथा हात ठेवला आणि लगेच काढला.

“हे लेकरू असल्या तापात फार थांबायचं नाही,” त्या म्हणाल्या.

सासूबाई रडायला लागल्या. मी म्हटलं, “काकू, असं बोलू नका.”

“मग काय बोलू? इकडे ये.” त्यांनी मला चुलीपाशी नेलं. “मी न कळताच ‘कळलं’ म्हटलं होतं ना त्या दिवशी. काय झालं? दारं गेली. दाराशिवाय माणूस मरत नाही. लाज वाटते चार दिवस, मग सवय होते.”

“नंतर तुम्हाला कळली का बिजागरी?”

“न कळून काय होतंय? सुताराकडे जाऊन बसले, हातात घेऊन बघितली. आता झोपेतही सांगेन. पण बंद झालेला दिवस उघडत नाही, असं साहेब म्हणाले.” मग त्यांनी विचारलं, “आजचा शब्द कुठला आहे गं? मी नाही ऐकला.”

“हाक.”

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग रेवूकडे बघितलं. मग अंगण, अंगणापुढचा रस्ता, भिंतीला टेकवलेलं दार, असं सगळीकडे त्यांची नजर फिरून आली.

“दार बरं होतं गं,” त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून निघून गेल्या.

रेवूला मी जवळ घेतलं. तिचा हात वाकडा झाला आणि थोडा वेळ तसाच ताठ राहिला. डोळ्यांची बुबुळं वर गेली. सासूबाईंनी “रेवू, रेवू, बाळा” असं ओरडून तिला हलवलं आणि ती परत आली. मला आजही कळत नाही की ती सासूबाईंच्या ओरडण्याने आली की हलवण्याने. ते कळलं असतं तर पुढचं वेगळं झालं असतं.

मी तिला खांद्यावर टाकून कार्यालयात गेले. माणसांनी वाट दिली. अप्पा फळ्यापाशी भिंतीला टेकून बसल्या जागी झोपले होते. साहेबांनी त्यांना उठवलं.

“बोला अप्पा,” मी म्हटलं.

अप्पा उठले. त्यांचा आवाज पार बसला होता. “हे बघ पोरी. एखादं माणूस चाललंय. लांब चाललंय. तुला त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. पण तुझा आवाज...”

“कळलं.”

अप्पा थांबले. “मी अजून सांगितलं नाही.”

“कळलं, अप्पा.”

त्यांनी चष्मा काढला. ते शिक्षक होते, पोरांचं खोटं ‘कळलं’ त्यांनी आयुष्यभर ओळखलं असणार. ते माझ्याकडे बघत होते आणि मी रेवूचा पाय घट्ट धरून ठेवला होता. गजघाटे साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, “उभे सात, दोन अक्षरी. कळलं का?”

“कळलं.”

“अप्पा, तुमची काही हरकत?”

अप्पांनी रेवूकडे बघितलं. तिचं तोंड उघडं होतं. “मी समजावणारा,” ते म्हणाले. “कळलं की नाही ते तिने सांगायचं.”

मी पेपरवर उजवा हात ठेवला. “सगळं कळलं.”

साहेब बाहेर गेले. घंटा झाली. सूर्य टाकीवरून सुटला आणि एकदम खाली गेला. बाहेर माणसांनी मोठा श्वास सोडला, कोंबड्या आत गेल्याचा आवाज आला, कोणीतरी हसलंसुद्धा. कोणी मला काही विचारलं नाही.

शुक्रवारी डॉक्टर आले. त्यांनी रेवूला इंजेक्शन दिलं, छाती तपासली, औषध बदलून दिलं आणि म्हणाले, “अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.” बाहेरच्या तारखेशी आमचा शुक्रवार कसा जुळवायचा ते कार्यालय बघतं, आम्ही त्यात पडत नाही. दोन रोजांत ताप गेला. ती वरण-भात खायला लागली.

हाक गेल्याचं आधी भाजीवालीच्या लक्षात आलं. ती नेहमीसारखी ओरडत गल्लीतून गेली आणि एकही बाई बाहेर आली नाही. आम्हाला आवाज ऐकू आला होता. मलाही आला. पण पत्र्यावर कावळा बोलावा तसा तो आवाज होता. आपल्याला बोलावणं आहे, हे त्यात नव्हतं. नंतर शाळेत गुरुजी नावं घ्यायला लागले आणि एकही मूल हजर म्हणेना. गुराख्याच्या गाई पलीकडच्या शिवारात गेल्या, त्या पायी जाऊन आणाव्या लागल्या.

मालक सुट्टी काढून आले. गाडीतून उतरून त्यांनी नाक्यावरूनच मला हाक मारली म्हणे. मी अंगणात गहू निवडत होते. खूपदा मारली म्हणाले. मी सुपात गहू पाखडत राहिले. शेवटी ते चालत आले आणि त्यांनी खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी दचकले.

“ऐकू नाही आलं?”

“आलं होतं,” मी म्हटलं. “कोणाला तरी असेल, असं वाटलं.”

त्यांनी रेवूला उचललं आणि तिच्या डोक्याचा वास घेतला. जाताना मला म्हणाले, “मी फोन करेन, तिच्याशी बोलेन,” आणि मग स्वतःच थबकून पिशवी उचलली. फोन ते करतात. मी तिच्या कानाला लावते. ती फोनचा काळा रंग बघत बसते.

आता आम्ही जाऊन हात लावतो. एखाद्याला बोलवायचं तर त्याच्या घरात जायचं, तो जिथे असेल तिथे जाऊन खांद्याला नाहीतर कोपराला हात लावायचा. दार वाजवायचा प्रश्न नाही, दारं भिंतीलाच आहेत. शेतात गेलेल्या माणसाला जेवायला बोलवायला बांधापर्यंत चालावं लागतं. म्हाताऱ्या माणसांनी आपापली माणसं जवळ बसवून घेतली आहेत. मला कोणी बोल लावला नाही. शेवंताकाकू विहिरीवर भेटतात तेव्हा माझ्या पाठीवर हात ठेवून जातात.

रेवू आता चांगलीच चालते. परवा मी ओट्यावर कपडे पिळत होते. मान वर केली तर ती अंगण ओलांडून रस्त्याकडे निघाली होती, पिवळ्या झबल्यात. उसाचा ट्रॅक्टर वळणावर दिसत होता. माझ्या तोंडातून “रेवू!” निघालंच. चांगलं मोठ्याने निघालं. ती तशीच चालत राहिली. पाखरू उडालं तर आपण बघत नाही, तसं तिने बघितलं नाही. मी ओल्या पायांनी धावले, पायरीवर गुडघा फुटला, आणि तिला रस्त्याच्या कडेला काखेत धरलं. ट्रॅक्टर गेला. ती त्याच्याकडे बघून हात हलवत होती. मी तिथेच बसले.

अप्पांनी सांगितलेलं उदाहरण तेच होतं, आणि मी तेव्हा सांगितलेलं उत्तरही बरोबर होतं. मी धावतेच.

बदली मी मागितली नाही. साहेबांनीही विषय काढला नाही. काल संध्याकाळी ते आमच्या घरी आले, माझ्या खांद्याला हात लावला, आणि मी त्यांच्या मागे कार्यालयात गेले. रेवूला बरोबरच नेते आता. कोडं सोपं होतं. ‘उंबरा’, ‘चाळणी’, ‘वाटाड्या’, असे शब्द होते. ‘वाटाड्या’ला मी अप्पांना दोनदा सांगायला लावलं. माझी खात्री होईपर्यंत बोलले नाही. खिडकीतली माणसंही घाई करत नव्हती.

शेवटी पेपरवर हात ठेवायची वेळ आली. माझ्या उजव्या हातात रेवूचा हात होता. मी डावा ठेवला.

साहेब बघत राहिले. “नियमात उजवा आहे, ताई.”

“उजवा रिकामा नाही.”

त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, “डावा चालणार नाही, असं काही लिहिलेलं नाही,” आणि घंटा द्यायला बाहेर गेले. सूर्य गेला.